खोकल्याबद्दल लिहायचं नव्हतं

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच मधे ठेवला. तू हौसेनं सांगत होतास, डॅलसहून पाच तास गाडी चालवत ब्यूमाँटला गेलो, त्या आंधळ्या अमेरिकन गवयाचं, विली जॉन्सनचं, गाव बघायला. आणि मी मधेच ‘खोकतोस किती?’ म्हणून तुझं बोलणं तोडलं. राग येणारच. आज खोकल्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तू पाठवलेलं त्याचं गाणं ऐकलं. शब्द नाहीतच रे त्यात. नुसता हुंकार, आणि मागे गिटारच्या तारेवर काहीतरी घसरत जातं, विचित्रवीणेवर बट्टा फिरवतात तसं. १९२७ सालचं, तुझ्याच डॅलसमध्ये केलेलं. ऐकताना बाबांनी पेपर खाली ठेवला. एवढ्यावरून काय ते ओळख.

मग त्याचं पुढे काय झालं ते वाचलं. नसतं वाचलं तर बरं झालं असतं. १९४५ साली घर जळालं, जायला दुसरी जागा नाही, म्हणून नवराबायको त्याच जळक्या घरात ओल्या गादीवर वर्तमानपत्रं पसरून झोपली. त्यात त्याला न्यूमोनिया झाला, असं बायकोनं पुढे सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर म्हणे हिवताप आहे. मला बायकोचंच खरं वाटतं. ओल्यात झोपलं की छाती धरते, त्याला दाखला कशाला लागतो? आणि तू भिजल्या कपड्यांनी रात्रभर गाडीत झोपलास! चौतिसाव्या वर्षी हे मी सांगायचं? अंग पुसावं, कोरडं घालावं, काचा बंद...

राहू दे. चुकलंच. लिहायचं नाही म्हणाले होते.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर, दूर अवकाशात कुणी भेटलंच तर त्यांच्यासाठी, जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तिच्यावर तुझा विली आहे, आणि आपल्या गायिका केसरबाई केरकरही आहेत. ‘जात कहाँ हो’, भैरवी. तू मला हे शिकवायला निघालास, पण तुझ्या पणजीचं माहेर केसरबाईंच्या गोव्यातल्या केरीच्या वाटेवर, आमच्या घरी केसरबाईंचं नाव निघालं की अण्णा ताठ बसायचे. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

मला गंमत वाटते ती सुईची. तबकडीबरोबर सुई दिली, ग्रामोफोनची पेटी दिली नाही! पेटी ज्यानं त्यानं करून घ्यायची, कशी ते वरच्या झाकणावर चित्रांनी कोरलंय. फेरे मिनिटाला साडेसोळाच्या जरा वर, पण तिकडच्यांना मिनिट कुठलं ठाऊक, म्हणून वेळ सांगितली हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबानं. एडिसननं कथलाचा वर्ख नळकांड्यावर गुंडाळून, हातानं फिरवून आवाज धरला तो १८७७ साली. बरोब्बर शंभर वर्षं!

अण्णांची पेटी आठवते? प्रत्येक बाजूला नवी सुई, दर वेळी चावी. तू आठ वर्षांचा असताना आतली स्प्रिंग काढलीस, ती सुटून अंगठा फाटला, तीन टाके पडले. बाबांनी वर फटका दिला. मी तेव्हा काही बोलले नाही, ते अजून सलतं. पण रडत रडत तू विचारलंस काय, तर ‘आवाज नक्की कुठे बसलेला असतो?’ हे मी सगळ्या आळीला सांगितलं होतं. अजूनही सांगते. परवा आत्या म्हणाली, नोकरी सोडून असल्या जुन्या तबकड्यांच्या मागे लागेल तो. लागू दे, म्हटलं. आत्यासमोर म्हटलं. रात्री झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

ब्यूमाँटला परत जाणार असशील तर जरूर जा. पावसाचं बघून जा, एवढंच. तिथे तुला काय वाटलं, ते मी ऐकूनच घेतलं नाही. रविवारी सांग. मधे बोलणार नाही.

पुढच्या आठवड्यात काका येतोय, त्याच्याबरोबर सुंठ आणि ज्येष्ठमध देते आहे. माळ्यावर अण्णांची सुयांची डबी सापडली, निम्म्या गंजल्यात, तीही देते. छातीचा फोटो काढलास का?

तुझी,
आई