केतकीस पत्र : बेन होगनच्या पायांविषयी

सातारा

चि. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पायाचा नवा एक्स-रे चांगला आल्याचे तू फोनवर सांगितलेस आणि त्याच दमात हिवाळ्यातल्या सगळ्या शर्यतींची यादी वाचून दाखवलीस. तुझ्या आईला फार आनंद झाला. मलाही झाला, पण त्या यादीने काळजीत पडलो, आणि ती काळजी फोनवर नीट मांडता आली नाही म्हणून हे पत्र लिहितो आहे. सध्या मी बेन होगन या अमेरिकन गोल्फपटूविषयी वाचतो आहे. आपल्या घरात गोल्फची काठी कुणी कधी हातात धरलेली नाही. तरीही या माणसाच्या पायांची हकिगत तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

होगनचा जन्म 1912 सालचा, टेक्सासमधला. वडील लोहार. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि पुढे हा पोरगा फोर्ट वर्थमध्ये वर्तमानपत्रे विकू लागला व गोल्फ क्लबात लोकांच्या काठ्या वाहणारा कॅडी झाला. 1930 मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला खरा, परंतु त्याचा फटका ऐन वेळी डावीकडे वळून भरकटत असे, आणि पैसे संपल्यामुळे त्याला स्पर्धा सोडून परतावे लागे. एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकायला 1940 साल उजाडले. मधली ही दहा वर्षे लोक एका ओळीत उरकतात. मला मात्र त्याचा सगळा पाया तिथेच घातला गेला असे वाटते, कारण तासन्‌तास एकट्याने सराव करून आपला फटका दुरुस्त करण्याची सवय त्याला त्याच काळात जडली. 1948 मध्ये तो यूएस ओपन आणि पीजीए अशा दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून शिखरावर होता.

2 फेब्रुवारी 1949 रोजी धुक्यातून गाडी चालवत असताना समोरून ट्रकला ओलांडत येणारी बस त्याच्या गाडीवर आदळली. पत्नी व्हॅलरीला वाचवण्यासाठी त्याने क्षणात तिच्या अंगावर झेप घेतली, आणि त्याच झेपेने त्याचाही जीव वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा तो बसला होता त्या जागेत घुसला होता. कंबरेचे हाड, गळ्याचे हाड, घोटा, बरगडी, इतके मोडले. त्यावर रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसाकडे जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांना पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीर बांधून टाकावी लागली. हाडे जुळली, पण रक्ताची वाट बदलली ती कायमची; पुढे आयुष्यभर जास्त चालले की त्याचे पाय सुजत. केतकी, तुझ्या नडगीचे हाड पूर्ण भरून येणार आहे, त्याचे तसे नव्हते.

तरीही जून 1950 मध्ये तो मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन खेळायला उतरला. सकाळी गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे, मग घोट्यापासून जांघेपर्यंत ताणाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि मगच बाहेर पडायचे, असा त्याचा क्रम होता. त्या काळी शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या, म्हणजे 36 होल चालावे लागत; होल म्हणजे चेंडू मारायला सुरुवात करतात तिथपासून तो ज्या खळग्यात घालायचा तिथपर्यंतचा टप्पा, आणि एका फेरीत असे अठरा. दुपारच्या फेरीत पाय आखडून त्याला पुढे चालणे अशक्यप्राय झाले होते. अठराव्या होलवर बरोबरी साधायला नेमके चारच फटके हाताशी असताना, खेळायला अतिशय अवघड अशा एक नंबरच्या लोखंडी काठीने त्याने दुसऱ्या फटक्यात चेंडू थेट खळग्याभोवतीच्या हिरवळीवर नेला आणि पुढच्या दोन फटक्यांत होलमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी बरोबरीत राहिलेल्या तिघांच्या निर्णायक फेरीत त्याने 69 फटके घेतले, लॉइड मॅन्ग्रमने 73 आणि जॉर्ज फॅझिओने 75; गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो, म्हणून स्पर्धा होगनची झाली.

ही गोष्ट सगळेच सांगतात. मला अधिक मोलाचे वाटते ते त्याने सोडून दिलेले. ज्या पीजीए स्पर्धेचे विजेतेपद त्याने दोनदा मिळवले होते, ती अपघातानंतर त्याने कित्येक वर्षे खेळली नाही, कारण तिच्यात दिवसामागून दिवस 36 होल चालणे त्याच्या पायांना झेपणारे नव्हते. 1953 मध्ये त्याने अवघ्या सहा स्पर्धा निवडल्या आणि त्यांतल्या पाच जिंकल्या. त्यांत मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तीन मोठ्या स्पर्धा होत्या. ब्रिटिश ओपनसाठी तो स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला बरेच दिवस आधी जाऊन राहिला, कारण तिथला चेंडू अमेरिकेतल्यापेक्षा आकाराने लहान होता आणि जमीनही निराळी होती. त्याच्या चार फेऱ्या बघ: 73, 71, 70, 68. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा सरस! आयुष्यात ती स्पर्धा तो एकदाच खेळला.

म्हणून माझे म्हणणे असे, की यवतेश्वरच्या घाटातली धाव यंदा सोड. लहानपणापासून तू तो घाट पळत आली आहेस, त्यामुळे ते तुला जड जाईल हे मी जाणतो; पण उताराचा मारा नडगीवर किती बसतो ते तुझ्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले आहे. यादीतली राज्य स्पर्धेची 5000 मीटरची शर्यत आणि तिच्याआधीची एखादी तयारीची शर्यत, एवढ्याच ठेवाव्यात असे मला वाटते. प्रशिक्षकांशी बोल, त्यांचे मत वेगळे पडले तर मला कळव, मी येऊन त्यांना भेटेन. राज्य स्पर्धेचे ठिकाण जाहीर झाले की लगेच सांग, म्हणजे तिथल्या ट्रॅकवर सराव करायला तुला काही दिवस आधी जाता येईल. आई सोबत यायला तयार आहे आणि राहण्याची सोय मी बघतो.

तुझे,
बाबा