‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी अडॅप्टर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मांद्रे परिसरातील एका सहकारी पतसंस्थेत मी सतरा वर्षे नोकरीला आहे. संगणकांची देखभालही माझ्याकडेच असते. गणेश चवथीला आठ दिवस असताना आमच्याकडे जे घडले, ते इतर संस्थांच्या कामी यावे म्हणून हे पत्र.

सोमवारी पहाटे वीज गेली, पाठोपाठ यूपीएसही उतरला. सकाळी वीज आली, संगणक सुरू झाले, फायरवॉल मात्र उठेना. इंटरनेट आणि आमचे कार्यालय यांच्या मध्ये राखणीला बसलेली ही पेटी नऊ वर्षांची. विजेचा हिरवा दिवा लागे, पंखा घोंघावे, दुसरा दिवा मात्र पिवळाच राही. बाहेर माटोळीच्या बाजारासाठी पैसे काढायला आलेली माणसे ताटकळलेली. पुरवठादाराच्या माणसाने दोनदा बटण दाबले आणि ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ म्हणाला. तोवर मोडेमची वायर थेट सगळे संगणक जोडणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये घाला, असेही सांगून गेला. या सल्ल्याचा मला अजून राग येतो. सभासदांची खाती ज्या संगणकावर आहेत, तो असा उघड्यावर ठेवायचा? मी सचिवांना म्हटले, ‘सर, दोन दिवस हाताने पावत्या फाडू, पण हे नको.’ त्यांनी ऐकले, याबद्दल त्यांची ऋणी आहे.

दुपारी मी पेटीच्या कन्सोल पोर्टला, म्हणजे सुरू होताना पेटी काय करते ते अक्षरांत दाखवणाऱ्या जोडणीला, केबल लावून लॅपटॉप जोडला. सेकंदाला ९६०० बिट या वेगावर नुसती वेडीवाकडी चिन्हे आली. वेग ११५२०० केला तेव्हा अक्षरे उमटली. मेमरी मोजून झाली, डिस्क सापडली, आणि तिथेच सगळे पुसून पुन्हा पहिली ओळ. पाच-सहा वेळा पाहिले. दर वेळी थांबण्याची जागा वेगळी. बोर्ड साफ मेला असता तर इतके बोललाच नसता. एकाच ओळीवर अडला असता तर मी डिस्कवर संशय घेतला असता. जागा बदलते म्हणजे वीज पुरत नसावी.

अडॅप्टर १२ व्होल्टचा. सुटा मोजला तर मीटरवर १२.१, अगदी चोख. मग एका तोंडाला पेटी, दुसऱ्याला मीटर अशी दोन तोंडांची पिन लावून पेटी चालू असताना मोजला. पंखा फिरू लागताच आकडा घसरत ९.४ वर आला आणि त्याच क्षणी पडद्यावर पहिली ओळ परत आली. सुटा मोजून ‘अडॅप्टर ठीक आहे’ म्हणणारे फसतात ते इथेच. अडॅप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग, उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. आमची पेटी तर बंद कपाटात, यूपीएसच्या डोक्यावर होती. ती चूक माझी.

त्याच व्होल्टचा, तितकाच अँपिअर देणारा, पिनची धन-ऋण दिशा जुळणारा अडॅप्टर म्हापशाहून आणला. पेटी उठली. पण मुख्य शाखेशी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी जोडणी) जुळेना, कारण पेटीची तारीख १ जानेवारी २०१० झाली होती आणि त्या तारखेला या जोडणीची ओळख पटवणारे आमचे डिजिटल प्रमाणपत्र जन्मलेच नव्हते. तारीख-वेळ सांभाळणारी, आतली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी ३ ऐवजी २.१ व्होल्ट दाखवत होती. ती बदलली, तारीख लावली आणि बुधवारी काउंटर सुरू झाले.

प्रत्येक पेटी अशी वाचतेच असे नाही. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेतील प्रोसेसरांचा दोष २०१७ मध्ये जाहीर झाला, त्यात चिपचे काम तालात ठेवणारा घड्याळाचा संकेतच बंद पडतो. अशी पेटी महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते आणि एकदा बंद केली की पुन्हा उठत नाही. तिथे अडॅप्टर बदलून काही होत नाही. आमच्या पेटीत तो प्रोसेसर नव्हता. तरी आमच्या पेटीला कंपनीचे सुरक्षा अपडेट येणे थांबले आहे, त्यामुळे ती बदलायलाच हवी, हे मी स्वतः संचालक मंडळाला लिहून दिले. पण आता तीन ठिकाणचे दर मागवून, सेटिंग्ज नीट उतरवून बदलता येईल. चवथीच्या गर्दीत, दारात माणसे उभी असताना नाही.

एक गोष्ट राहिली. पुरवठादार जुनी पेटी ‘बदल्यात’ घेऊन जायला निघाला होता. तिच्यात आमचे पासवर्ड, व्हीपीएनच्या किल्ल्या आणि सेटिंग्ज जशाच्या तशा होत्या. पुसल्याशिवाय ती बाहेर देऊ नये.

पतसंस्था, शाळा, वाचनालये यांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे. सेटिंग्जची प्रत आणि कन्सोलची केबल आपल्या कपाटात ठेवा, पासवर्ड एकट्या पुरवठादाराकडे राहू देऊ नका. आणि ‘पेटी गेली’ असे कोणी म्हटले, तर कन्सोलवर काय दिसले आणि भार असताना किती व्होल्ट मिळाले, हे त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.

आपली विश्वासू,
पतसंस्थेतील एक कर्मचारी
मांद्रे, पेडणे