खडकवासल्याच्या काठावरचं युद्धातलं ट्रेनिंग सेंटर आठवणीत राहू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण अकादमीच्या (एनडीए) पासिंग आऊट परेडच्या बातम्या आल्या की सोबत बहुतेक वेळा इतिहासाची एक छोटी चौकट असते. तिची सुरुवात ठरलेली, ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. फार तर अकादमीच्या मुख्य इमारतीची, सुदान ब्लॉकची गोष्ट येते, म्हणजे आपल्या जवानांनी पूर्व आफ्रिकेत जी लढाई केली त्याबद्दल सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले आणि ते अकादमीसाठी वापरले. ही गोष्ट छानच आहे, पण अकादमी खडकवासल्यालाच का आली हे कोणी फारसं सांगत नाही. जागा निवडताना सिंहगडाचे डोंगर, तलाव, जवळचं लोहगाव विमानतळ हे सगळं बघितलं गेलंच, पण तलावाच्या उत्तर काठावर दुसऱ्या महायुद्धात सैन्याचं एक कम्बाइंड ट्रेनिंग सेंटर होतं, म्हणजे बोटीतून किनाऱ्यावर उतरून हल्ला करायचं एकत्र शिकवणारी जागा, हेही एक कारण होतं, आणि त्याबद्दल बोललंच जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तलावाकाठी आरमारी ट्रेनिंग कसलं असं कोणालाही वाटेल. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये बर्मातलं रंगून गेलं आणि त्याच महिन्यात जपानी अंदमानात उतरले. हे सगळं परत घ्यायचं तर समुद्रातून बोटीने जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरावं लागणार होतं आणि ते काम येणारं सैन्य एका रात्रीत तयार होत नाही. मुंबईजवळ मढ बेटावर पण असं ट्रेनिंग चालायचं, पण पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात नवशिक्यांना घेऊन काय करणार? खडकवासल्याला भरती-ओहोटी नाही, लाटांचा मार नाही आणि पुण्याची छावणी हाकेच्या अंतरावर.

त्या काठावर चक्क एक खोटं जहाज उभारलं होतं, नाव एचएमएस अँगोस्टुरा. त्याचा उपयोग काय असतो ते समजून घेतलं की त्या पोरांनी काय मेहनत घेतली असेल याचा अंदाज येतो. खऱ्या लढाईत मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते लांब उभं राहतं आणि त्याच्या उंच बाजूवरून दोरखंडाची जाळी खाली सोडतात, जवान पाठीवर सगळं सामान आणि बंदूक घेऊन त्या जाळीवरून खाली हेलकावणाऱ्या छोट्या बोटीत उतरतो, आणि ते पण रात्री. अशा वेळी हात नेहमी उभ्या दोरावर ठेवायचा असतो, आडव्यावर ठेवला की वरून उतरणाऱ्याचा बूट बोटांवर पडलाच. पाय कधी सोडायचा हे बोट वर आली की खाली गेली यावर, चुकला तर माणूस वजनासकट पाण्यात. मग बोट किनाऱ्याला टेकली की पुढचा दरवाजा पडतो आणि पळत सुटायचं. हे पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडायचं असतं, पुस्तक वाचून येत नाही.

युद्धाचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. अंदमानवर उतरायचा बेत १९४३ च्या शेवटी रद्द झाला कारण उतरायच्या बोटी युरोपकडे हव्या होत्या. ब्रिटिशांच्या २ ऱ्या डिव्हिजनचा तळ नगर भागात होता, तिने समुद्रावरून उतरायची तयारी केली आणि एप्रिल १९४४ मध्ये तिला पाठवलं कुठे, तर कोहिमाच्या डोंगरात! समुद्रावरचे हल्ले झाले ते नंतर, जानेवारी १९४५ मध्ये बर्माच्या किनाऱ्यावर अक्याब आणि रामरी, मग मे महिन्यात रंगून, आणि रंगूनला उतरलेली २६ वी डिव्हिजन आपली भारतीय सैन्याची होती.

युद्ध संपल्यावर तेव्हाचे सरसेनापती ऑकिनलेक यांच्या कमिटीने डिसेंबर १९४६ मध्ये रिपोर्ट दिला की आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या मुलांना एकत्र शिकवा. या तलावावर तर ही दलं मिळून काम करायची सवय युद्धातच लागली होती, म्हणून मला वाटतं अकादमीचा इतिहास सांगताना सुरुवात इथूनच व्हायला हवी.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. एक, धरणाच्या चौपाटीवर, जिथे रविवारी एवढी गर्दी असते आणि जिथून समोरचा काठ दिसतो, तिथे या सेंटरची माहिती देणारा मराठी बोर्ड लावा, अकादमीच्या आत सगळ्यांना जाता येत नाही म्हणून बाहेर. दुसरी जास्त घाईची. त्या काळात लहान असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. आसपासच्या गावांत ज्यांनी त्या बोटी बघितल्या असतील, ज्यांच्या घरच्यांनी तिथे मजुरी केली असेल, ज्यांची जमीन पुढे अकादमीसाठी गेली, त्यांचं बोलणं कोणीतरी रेकॉर्ड करून ठेवलं पाहिजे. तुमच्या पेपरने नुसतं आवाहन केलं तरी लोक जुने फोटो घेऊन पुढे येतील, कॉलेजच्या इतिहास विभागातल्या मुलांना पण हे काम देता येईल. परेडच्या पुढच्या बातमीसोबतच हे आवाहन छापावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे