आई, तू पाहिलंस यावर माझा विश्वास आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी गप्प झाले, ते तुम्हा दोघांनाही लागलं असणार. आई, इतके दिवस मनात जपून ठेवलेली गोष्ट तू सांगितलीस आणि मी नुसतं "हं" म्हणाले. मग बाबा, तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, "देव आहे हे शास्त्रात आहे, हिने डोळ्यांनी पाहिलंय, आता आणखी कसला पुरावा हवाय तुला?" या प्रश्नाचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

आधी आईशी बोलते. बाबांना ऑपरेशनसाठी आत नेलं त्या पहाटे तू बाहेर बाकावर बसली होतीस. झोपलेली नव्हतीस. समोर उजेड झाला, त्यात तुझ्या ओळखीचं रूप उभं राहिलं, काही बोललं नाही, आणि तुझ्या छातीवरचं दडपण उतरलं. हे तू सांगितलंस तसंच घडलं याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. तू कधीच काही वाढवून सांगत नाहीस. तुझं डोकंही ठिकाणावर आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की पोरगी आपल्याला खोटं पाडते आहे. तसं नाही गं.

वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या एका डॉक्टरांनी १९७१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांशी ते बोलले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना ते दिसलं होतं, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. आणि बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ही चारचौघांसारखीच शहाणी माणसं होती. तूही किती महिने बोलली नाहीस, ते आठवून मला फार वाईट वाटलं. आपल्या घरात हे सांगायला भीती वाटावी, त्याला मीच कारण असेन.

पण दिसणं खरं असलं म्हणजे जे दिसलं ते तिथे होतं, असं होतं का? माझी गाडी इथे अडते. अंधारात दोरीवर साप दिसतो तेव्हा ते दिसणं काही खोटं नसतं, घामही खराच फुटतो. आपण दिवा आणतो, कुणाला तरी हाक मारतो, काठीने हलवून बघतो, तेव्हा कळतं. तुझ्या त्या पहाटेकडे नेता येईल असा दिवा माझ्याकडे नाही. तो नाही म्हणून ती दोरीच होती, असंही मला म्हणता येत नाही. हे दोन्ही मी सारख्याच प्रामाणिकपणे लिहिते आहे.

काही जण म्हणतात, मेंदूत काहीतरी झालं, संपला विषय. जागरण, काळजी, उपाशी पोट. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. हे पत्र वाचतानाही तुझ्या मेंदूत काहीतरी होतच आहे, म्हणून पत्र खोटं ठरत नाही. मला थांबवणारी गोष्ट वेगळी आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या तेरेसा या जोगिणीला दर्शनं झाली ती ख्रिस्ताची. रामकृष्ण परमहंसांना झाली ती आधी कालीची. दर्शन ज्या घरातलं, देव त्याच घरातला. आणि बौद्ध, जैन साधकांनी आयुष्यभर ध्यान केलं, तितक्याच खोलवर तेही उतरले, पण जग निर्माण करणारा कुणी ईश्वर भेटल्याचं त्यांनी सांगितलं नाही. तू म्हणशील, एकच देव ज्याला जो ओळखीचा त्या रूपात येतो. असेलही. मी यावर खूप विचार केला आहे. पण हे त्या उजेडाने तुला सांगितलेलं नाही, आई. उजेड आणि रूप तुला दिसलं. त्याचा अर्थ आपण नंतर लावला. माझा प्रश्न त्या अर्थाबद्दल आहे.

तेरेसाबाईंची गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांनाच शंका होती की हे सैतानाचं काम असेल. त्यांनी तिला सांगितलं, दर्शन झालं की तुच्छतेची खूण करून त्याला हाकलून दे. ज्याच्यावर जीव जडला त्याला झिडकारायचं! तिने रडत ते केलं. स्वतःच्या दर्शनांना तीही तपासत होतीच. तिची कसोटी होती, यातून मनाला शांती, नम्रता, प्रेम मिळतं का. तुझ्या बाबतीत या कसोटीचं उत्तर मी स्वतः पाहिलं आहे. सकाळी मी आले तेव्हा तुझा चेहरा निवलेला होता आणि तूच मला धीर दिलास. पण शांती कुठून आली, हे शांती सांगत नाही. मुलगा सुखरूप आहे अशी चुकीची बातमी आली तरी आईचा जीव तितकाच शांत होतो. हे लिहिताना हात जड झाला, पण लिहायला हवं होतं.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. "शब्द हे प्रमाण", म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हेही जाणण्याचं साधन, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्याला मी कधीच हसले नाही. माझी जन्मतारीखसुद्धा मला तुमच्या शब्दावरूनच ठाऊक आहे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, शब्दाची व्याख्या आहे, आप्ताचा उपदेश. आणि आप्त कोण? वात्स्यायन त्या सूत्रांवरच्या भाष्यात सांगतात की ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे म्हणतात, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. तुमच्या पुस्तकात या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. माझी नाही, तुमचीच असणार. मला त्या रेघेचा फार अभिमान वाटला.

पण मग शास्त्राचा आप्त कोण? ईश्वर म्हणावं, तर ईश्वर आहे हे आधी ठाऊक हवं. आणि ते कशावरून, तर शास्त्रावरून. हा अन्योन्याश्रय, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या असणं, आपल्याकडच्या पंडितांना दिसला नव्हता असं मुळीच नाही. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वाट काढली की वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे. पण त्यात ईश्वराची गरजच संपली. त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी वेदप्रामाण्यासाठी सारं आयुष्य वेचलं आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र नाकारला. योग्यांना दिव्यदृष्टीने अतींद्रिय गोष्टी दिसतात, हेही ते मानायला तयार नव्हते. म्हणजे तुमचं शास्त्र घट्ट धरणारा माणूस आईचं दर्शन पुरावा म्हणून घेणार नाही! न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी उलट ईश्वर अनुमानाने सिद्ध करायला ग्रंथ लिहिला. आणि रामानुजाचार्य श्रीभाष्यात म्हणतात की अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, तो केवळ शास्त्रावरूनच कळतो. तिघेही वेदांपुढे मान तुकवणारे. तुम्ही परवा म्हणालात की शास्त्रात आहे, मग प्रश्नच कुठे उरतो. शास्त्र मानणाऱ्यांमध्येच तो इतकी शतकं उरला आहे.

शंकराचार्यांचं एक वाक्य मला सगळ्यांत जास्त आवडतं. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात, अग्नी थंड आहे किंवा तो उजेड देत नाही असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. जिथे डोळे पोचतात तिथे श्रुतीने बोलू नये. तिचं क्षेत्र डोळ्यांपलीकडचं. किती सरळपणे सीमा आखली आहे! पण नेमकी पलीकडच्या बाजूलाच माझी अडचण सुरू होते. तिथे प्रत्येक धर्माचा ग्रंथ वेगळं सांगतो, प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्यांची साक्ष आहे आणि पडताळायला डोळे पोचत नाहीत. मी दुसऱ्या कुठल्या घरात जन्मले असते तर तुमच्यासारख्याच एखाद्या सज्जन बापाने मला मांडीवर घेऊन दुसरा ग्रंथ वाचून दाखवला असता, इतक्याच प्रेमाने, आणि तोही विचारत असता, आणखी कसला पुरावा हवाय?

तुम्हा दोघांनाही एक गोष्ट सांगायची आहे. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली लिहिलं होतं की असा अनुभव ज्याला येतो त्याच्यासाठी तो अधिकारवाणी असतो, तसं असण्याचा त्याला हक्कही आहे. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाने तो विचार न करता स्वीकारावा, असं बंधन त्यातून येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आई, तुला तू पाहिलंस तेवढं पुरेसं आहे. ते तू सोडून द्यावंस असं मी कधी म्हणणार नाही. माझ्याकडे येतं तेव्हा ते दर्शन राहत नाही, तुझा शब्द होतो. तुझ्या शब्दावर मी जीव टाकते. पण तो शब्द एवढंच सांगतो की तुला काय दिसलं.

फ्रान्समधले गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांना २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत, असाच प्रखर अनुभव आला. त्यांनी तो एका कागदावर लिहिला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ मध्ये ते गेले, त्यानंतर तो सापडला. इतकी वर्षं जवळ बाळगला, पण वादात जिंकण्यासाठी तो कुणापुढे ठेवला नाही. देवावर त्यांनी पुष्कळ लिहिलं, पण "मी पाहिलंय" हा मुद्दा केला नाही. त्यांना फरक ठाऊक होता असं मला वाटतं.

आता मी लपवलेली गोष्ट. त्याच रात्री, पहाटेच्या आधी, मी जिन्यात एकटी उभी होते. माझ्या मागे, डाव्या खांद्याशी, कुणीतरी उभं आहे असं स्पष्ट जाणवलं. वळून पाहिलं, कुणी नव्हतं. पुन्हा पुढे पाहिलं तर ते होतंच. भीती वाटली नाही, उलट पाय स्थिर झाले. पुढे शोधलं तेव्हा कळलं की १९१६ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेला शोधक शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जियाचे बर्फाचे डोंगर सलग ३६ तास चालून ओलांडत होते, तेव्हा तिघांनाही वाटत होतं की आपण चौघे आहोत. शॅकल्टनने त्यात ईश्वराचा हात पाहिला. मी पाहू शकले नाही. ते काय होतं हे मला आजही सांगता येत नाही, आणि ते विसरताही येत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते तुमच्या बाजूच्या पुराव्यांत जमा केलं असतं, म्हणून बोलले नाही. आईने तिचं सांगितलं त्या दिवशी तरी मी माझं सांगायला हवं होतं. "हं" म्हटलं त्याची खरी लाज वाटते ती यामुळे.

रविवारी सकाळी फोन करते. बाबा, कुमारिलांबद्दल माझं कुठे चुकलं असेल तर सांगा, पुस्तक हाताशी ठेवा. आणि आई, मला सगळं पहिल्यापासून ऐकायचं आहे. उजेड कुठल्या बाजूने आला, किती वेळ होता, तू डोळे मिटून पाहिलेस का, नंतर सगळ्यांत आधी काय केलंस. मी मध्ये बोलणार नाही. मग माझं जिन्यातलं तुला सविस्तर सांगेन, ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुमची,
धाकटी