वासालोपेतच्या आधी, खाण्याबद्दल

चि. मैथिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वासालोपेत या स्वीडनमधल्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत काय खाऊ, असं विचारलंस. आधी हिशोब बघ. स्नायू आणि यकृतात मिळून 400-500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, मावतं, म्हणजे जेमतेम दोन हजार किलोकॅलरी. स्कीइंगमध्ये हात, पाठ, पाय सगळेच राबतात, म्हणून ही पुंजी दोन-अडीच तासांत तळाला जाते. सेलेन ते मूरा 90 किलोमीटर. तुला आठ तास तरी लागतील.

शर्यत रविवारी, म्हणून आधीच्या शुक्रवार-शनिवारी वजनाच्या दर किलोमागे 10 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुला रोज 550 ग्रॅम. नुसत्या भाताने भागत नाही: 300 ग्रॅम तांदळातून 235 ग्रॅमच मिळतात. बाकीचं पोहे, पाव-जॅम, केळी, सरबत यांतून घे. उसळी, कोशिंबिरी, कोंड्याचा पाव ते दोन दिवस बंद, नाहीतर चढावर पोट ढवळेल. वजन किलोभर वाढेल. ते ग्लायकोजेनबरोबर साठलेलं पाणी असतं, घाबरू नकोस. सुटायची वेळ आठची, तेव्हा पाचलाच रव्याची खीर खाऊन घे.

वाटेत तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं, जमलं तर 75. नुसतं ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही हवीत. अर्धा लिटर पाण्यात 20 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात ग्लुकोज होणारी पूड), 40 ग्रॅम साखर (अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज) आणि पाव चमचा मीठ घातलंस की ग्लुकोज-फ्रुक्टोजचं दोनास एक प्रमाण आपोआप साधतं. पोटाला मात्र हे आधी शिकवावं लागतं: आत्ता लांबच्या सरावात तासाला 30 ग्रॅमपासून सुरू कर आणि दर आठवड्याला दहाने वाढव. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको. पहिले तीन किलोमीटर चढ आणि गर्दी; चढ संपला की लगेच प्यायला लाग, भुकेची वाट बघू नकोस. थांब्यांवरचं ब्लूबेरी सूप जरूर घे, पण एका कपाने तासाची गरज भागत नाही.

थंडीत तहान कळत नाही, लघवी मात्र जास्त होते आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं. कमरेच्या उबदार पिशवीत कोमट पेय भर आणि बाटली उलटी ठेव. बर्फ वरच्या बाजूने धरतो, तोंड मोकळं राहतं. जेल (कर्बोदकांच्या घट्ट पाकाची पाकिटं) छातीशी, आतल्या कपड्यात ठेव, बाहेरच्या खिशात ते गोठून घट्ट होतं.

खरी काळजी मला शर्यतीची नाही, रोजच्या जेवणाची आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय संघातल्या मुलींचा सराव-शिबिरातला खर्च मोजला होता, 1994 साली प्रसिद्ध झाला: दिवसाला 3600 ते 4800 किलोकॅलरी. तुझा तेवढा नसेल, पण तीन तासांच्या सरावानंतर एक वाटी भात आणि सॅलड म्हणजे उपासच गं. हलकं व्हायच्या नादात शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, सर्दी-खोकला हटत नाही आणि वेगही जातो. सराव संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत खा: 55-60 ग्रॅम कर्बोदकं, 20 ग्रॅम प्रथिनं. मोठा वाटीभर दहीभात, त्यावर दोन उकडलेली अंडी, एवढं पुरे. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळ. चहा जेवणानंतर तासाभराने घे, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

या महिन्यात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घे, आकडे मला पाठव. आणि पाळी एकदा जरी चुकली तरी लपवू नकोस, त्याच दिवशी फोन कर.

तुझी,
आई