सगळे म्हणतात म्हणून

चि. समीर,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर मेसमधल्या त्या पोराबद्दल तू म्हणालास, "बाबा, सगळेच म्हणतायत म्हणजे काहीतरी असणारच." तेव्हा मी गप्प बसलो. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

चार्ट कोबचिट्टी या थाई लेखकाची १९८१ सालची एक कादंबरी आहे. नावाचा अर्थ 'निवाडा'. त्यातला फाक हा शाळेतला शिपाई. आधी विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू होता, हुशार, साऱ्या गावाच्या कौतुकाचा. सैन्यातून परत येतो तर बापाने घरात बाई आणलेली, डोक्याने अधू. पुढे बाप मरतो. तिला टाकायचं कुठे, म्हणून फाक तिला सांभाळतो. गाव म्हणतं, बापाची बायको ठेवली. झालं! मग तो काय सांगतो ते कोण ऐकणार? त्याच्या बाजूने एकच माणूस उभा राहतो, प्रेतं जाळणारा खाई काका. त्याला गाव तसंही लांबच ठेवतं. दारूला कधी न शिवलेल्या फाकला पहिला घोट तोच पाजतो, मायेने. तिथून फाक सुटत नाही.

आपण वंदनेला म्हणतो तेच पंचशील त्या गावातही म्हणतात, त्याच पालीत. फाकने पाचवं, दारू न पिण्याचं शील मोडलं हे सगळ्यांना दिसतं. पण 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, असं म्हणून घरी गेलेले लोक वाटेत त्याच्याबद्दल काय बोलत होते, ते कुणी मोजत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो हेडमास्तर. फाक आपला पगार विश्वासाने त्याच्याकडे साठवतो. मागायला जातो तर हेडमास्तर म्हणतो, कसले पैसे? आणि गाव कुणावर विश्वास ठेवतं? दारुड्यावर थोडाच!

तुला कधी सांगितलं नाही. आपल्या जुन्या चाळीत एका विधवा बाईबद्दल असंच बोललं जायचं. मी बोलायचो नाही, ऐकायचो. एकदा नळावर तिने मला विचारलं, "भाऊ, तुम्हालाही तसंच वाटतं का?" भरलेली बादली उचलून मी निघून आलो. महिनाभरात तिने खोली सोडली.

पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद शनिवारी कुरिअर करतो. हेडमास्तरच्या पानाला खूण घातली आहे.

त्या पोराचं नाव काय रे? तू सांगितलंच नाहीस.

तुझा,
बाबा