उद्यमनगरच्या मामांना, नामिबच्या किनाऱ्याबद्दल

आदरणीय मामा,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. भाऊ आणि मी नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबियाच्या किनाऱ्यावर गाडी घेऊन फिरलो, गळ टाकून मासे धरले आणि सुखरूप घरी आलो. यात आमच्यापेक्षा तुमचा वाटा मोठा आहे, आणि तो कोल्हापुरात लोकांना कळायला हवा.

तुमची उमेदीची वर्षं तिथल्या वॉल्व्हिस बे बंदरात जहाजदुरुस्तीत गेली. सुट्टी मिळाली की तुम्ही त्या किनाऱ्यावर. ते सगळं ज्ञान तुम्ही उद्यमनगरच्या शेडमध्ये, लेथच्या आवाजात, आम्हाला फुकट दिलंत. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी नुसती माती उकरायला लावतो, तसं तुम्ही आम्हाला आधी हवेचं गणित घोटायला लावलंत. रस्त्यावर टायरमध्ये पस्तीस पीएसआयच्या आसपास असलेली हवा मऊ वाळूत पंधरापर्यंत उतरवायची. टायर पसरतो, जमिनीला लांब टेकतो आणि गाडी रुतण्याऐवजी वरून चालते. पण मग वळण अलगद घ्यायचं, नाहीतर टायर रिममधून सुटतो. ब्रेक दाबायचा नाही, चाकापुढे वाळूचा बांध साचतो. थांबायचंच तर तोंड उताराकडे करून. पुढे दर मऊ पट्ट्यावर भाऊ हे मोठ्यानं म्हणायचा आणि गाडी निघायची.

हेंटीज बे गावाहून उत्तरेकडे जाणारा मिठाचा रस्ता तुम्ही सांगितला तसाच निघाला. कोरडा असताना डांबराइतका कडक, सकाळच्या धुक्यानं भिजला की निसरडा. हे धुकं बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे येतं. पाऊस तिथे जवळजवळ नाहीच. पण त्याच प्रवाहात तळाचं सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतो, प्लवंगावर तारली, आणि तारलीमागे मोठा मासा. एका बाजूला ओसाड वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला इतकी मासळी, या दोन्हींचं कारण एकच हे तुम्ही समजावलंत, तेव्हापासून तो नकाशा मला वेगळाच दिसू लागला.

सर्वांत जास्त उपकार मात्र पाणी वाचायला शिकवल्याचे. शेडच्या फरशीवर खडूनं तुम्ही वाळूचे दोन पट्टे काढलेत आणि त्यांच्यामधला चर. लाट फुटते तिथे पाणी उथळ. लाट न फुटता पुढे सरकते आणि पाणी गडद दिसतं, तिथे चर. मासा त्या चरातून फिरतो, आणि कित्येकदा तो तुमच्या पायांपासून फार लांब नसतो. तिथे लोक जीव खाऊन लांब फेकत होते. आम्ही ओहोटीला उभं राहून चर हेरून ठेवला, भरती चढू लागल्यावर त्याच्या कडेला आमिष टाकलं, आणि कॉब लागला. हा आपल्या घोळीच्या कुळातला मासा. रॉड वाकला तेव्हा भाऊ तुमच्याच नावानं ओरडला.

गळाच्या दोरीला बांधायचं शिसंही तुमचंच होतं. साच्यात ओतलेलं, दीडशे ग्रॅमचं, तारेचे आकडे लावलेलं, म्हणजे ओढीच्या पाण्यात ते वाळूत रुतून राहतं. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात तुम्ही आमच्याकडून ते संध्याकाळी फेकून घेतलंत. तारलीच्या तुकड्याला बारीक लवचिक दोरा गुंडाळायचा, म्हणजे फेकताना आमिष सुटत नाही, हेसुद्धा तिथेच शिकलो.

हेंटीज बेच्या दक्षिणेला ‘झीला’ पाहिली. भंगारात काढलेली ही मासेमारी बोट २००८ साली मुंबईकडे ओढून नेत असताना सुटली आणि किनाऱ्याला लागली. आता तिच्यावर पाणकावळे बसतात. पोचली असती तर तिचं लोखंड आपल्या एखाद्या भट्टीतही आलं असतं, असं भाऊ म्हणाला.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही रागावून सांगितली होती. ओल्या वाळूवरचा चाकांचा माग भरती पुसते, पण आतल्या खडीच्या माळावरचा माग दशकानुदशकं राहतो. त्या माळावर धुक्यावर जगणारं दगडफूल आहे, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीतलं. तिथेच डमारा टर्न हा चिमुकला सुरय पक्षी उघड्या खडीवर अंडं घालतो. ते पायाखालीही दिसत नाही, तर गाडीतून काय दिसणार? हा भाग २०१० पासून डोरोब राष्ट्रीय उद्यानात आहे, तरी आडवे-तिडवे माग आम्ही पाहिले आणि फार वाईट वाटलं. आम्ही आखलेली वाट सोडली नाही. परवाना आधी काढला. ४० सेंटिमीटरच्या आतला कॉब परत पाण्यात, आणि ७० च्या वरचे दिवसाला दोनच, हा तिथला नियम. तुमचा नियम त्याहून कडक, मोठी मादी सोडायचीच. एक भलामोठा कॉब लागला होता. नर की मादी ते कळेना, म्हणून हात ओले करून, पटकन गळ काढून सोडला. खाण्यापुरता ठेवला तो मधला, कांदा-लसूण चटणी लावून निखाऱ्यावर भाजला. मामा, तशी चव मी दुसरीकडे चाखलेली नाही.

किनाऱ्यावर आणखी उत्तरेला असलेला टोरा बेचा तंबूतळ फक्त डिसेंबर-जानेवारीत उघडतो, म्हणून तो राहिला. पुढच्या वेळी तुम्ही सोबत यायचं, हे भावानं आताच ठरवून टाकलं आहे.

मामींचेही आभार. रात्री उशिरापर्यंत आमची शिकवणी चालायची आणि त्या न कंटाळता भाकरी थापत राहायच्या. तुमचा हवा मोजायचा गेज माझ्याकडे आहे. रविवारी आणून देते, आणि त्यांच्यासाठी तिथलं मीठही आणलं आहे.

तुमची शिष्या,
राजारामपुरी, कोल्हापूर